आजारी माणसालाच रांगेत का उभं करता?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, सांभाळून घ्या, पण शक्य असेल तर कापू नका, कारण यातलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. बिबवेवाडीला अप्पर इंदिरानगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधी नुसतं झेरॉक्स आणि लॅमिनेशन होतं, मग कॉम्प्युटर घेतला, आता ऑनलाइन फॉर्म, पॅन कार्ड, लाइट बिल, अंगठा लावून बँकेतले पैसे काढून देणं, सगळंच चालतं. त्यामुळे सरकारी योजनांचे कागद घेऊन येणारी माणसं रोज माझ्या काउंटरला टेकून उभी असतात आणि त्यांच्यात आजारी माणसांचे जे हाल होतात ते बघून बघून आता मला गप्प बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट सांगते. एक ताई यायच्या, वय ४६, कात्रजला एका मेसमध्ये पोळ्या लाटायच्या, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, घरात एकुलती एक मुलगी, ती तेव्हा बारावीला. ताईंना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, पुढचे केमोही त्यातच झाले, त्यासाठी घरातला एक रुपया गेला नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण सरकार काहीच करत नाही असं मला म्हणायचं नाहीये. ५ लाखांपर्यंतचा उपचार होतो ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे आमच्या वस्तीतली कितीतरी माणसं वाचली आहेत. पण हॉस्पिटलातनं घरी आल्यावर खायचं काय, भाडं कुठनं द्यायचं, दवाखान्यात जायला रिक्षा कशी करायची, ते त्या ५ लाखांत बसत नाही. पोळ्या लाटणं बंद म्हणजे घरात येणारा पैसाच बंद. त्यासाठी आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. ते ताईंना मंजूर झाले होते, आठ महिने हेलपाटे घालून, पण झाले होते आणि दर महिन्याला येत पण होते. जानेवारीपासनं ते बंद झाले.

का बंद झाले? तर आता पैसे डीबीटीने थेट खात्यात येतात आणि त्यासाठी खातं आधारला जोडलेलं लागतं. ताईंचं जोडलेलं नव्हतं. त्या बँकेत गेल्या, तिथे म्हणाले अंगठा लावा, अंगठा जुळेना. परत जा, परत लावा, जुळेना. मग कोणीतरी सांगितलं म्हणून माझ्याकडे आल्या, वहिनी तुमच्या मशीनवर होतंय का बघा ना.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या पोटात कालवलं. तळहात लालबुंद, भाजल्यासारखे, जागोजागी कातडी सोललेली आणि बोटांची टोकं एकदम गुळगुळीत, चकचकीत, त्यावर एक रेघ म्हणून दिसेना. त्यांना केमोच्या गोळ्या चालू होत्या, फाइलवर नाव वाचलं, कॅपेसिटाबिन. या गोळीने हातापायाच्या तळव्यांची कातडी जाते आणि काही जणांच्या बोटांचे ठसेच पुसले जातात हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. मला मात्र त्या दिवशी कळलं. आम्ही दहाही बोटं लावून बघितली. ओल्या फडक्याने मशीनची काच पुसली, बोटं पुसली, थोडं खोबरेल तेल चोळून बघितलं, अंगठा जरा तिरका करून, दाबून, हलका ठेवून. दर वेळी मशीनचा लाल दिवा लागायचा आणि स्क्रीनवर तेच, जुळत नाही. दाबताना त्यांना दुखत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं पण त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी हळूच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय का हो वहिनी?"

ते वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणजे आजारपण आलं, त्याच्या औषधाने ठसे गेले, आणि ठसे नाहीत म्हणून त्या आजारपणासाठीचेच पैसे थांबले, आणि चूक कुणाची वाटते तर त्या बाईला स्वतःची.

आता कोणी म्हणेल ओटीपी घ्यायचा. घ्यायचा ना, पण आधारला नंबर होता नवऱ्याचा, तो कधीच बंद पडलेला. नंबर बदलायचा तर आधार केंद्रावर जायचं आणि तिथे परत बोटंच लावायला सांगतात. डोळ्यांच्या बुबुळावरनं पण होतं हे मला माहीत आहे, पण त्यासाठी केंद्रावर सकाळी लवकर जाऊन टोकन घ्यायचं, नंबर येईपर्यंत दोन-तीन तास बसायचं आणि तिथल्या मुलाला बुबुळाचं मशीन जोडायला सांगायचं. ज्या बाईला अर्धा तास बसलं की उलटी यायची, ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला पिशवी लावलेली, तिने ते कसं करायचं? एकदा गेल्या होत्या मुलीला घेऊन, नंबर यायच्या आधीच पिशवी बदलायची वेळ आली आणि तिथे तशी आडोशाची जागा नाही म्हणून तशाच घरी परत आल्या. मुलीने मला हे खूप नंतर सांगितलं, ताई स्वतः लाजेने बोललेल्याच नव्हत्या.

एका बाईची गोष्ट म्हणून कोणी सोडून देऊ नये, म्हणून दुसरं सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एक काका आहेत, आयुष्यभर रिक्षा चालवली. दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीन वेळा डायलिसिस, एका वेळी चार तास, जाऊन येऊन दिवसच जातो. डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे शीर मोठी करून ठेवतात सुया टोचायला, त्याला बोट लावलं तर आत छोटी मोटर चालल्यासारखं थरथरतं. त्या हाताने वजन उचलायचं नाही, जोर द्यायचा नाही, मग रिक्षा काय चालवणार. डायलिसिसहून आले की संध्याकाळपर्यंत नुसते पडून असतात, बोलायची पण ताकद नसते. घर काकी चालवतात, चार घरची धुणीभांडी आणि एका ठिकाणी स्वयंपाक, महिन्याला ८,००० रुपये.

काकांचा निराधारचा फॉर्म मीच भरला. पहिला प्रश्न आला की किडनीचा आजार यादीत आहे का. योजनेच्या जीआरमध्ये आजारांची नावं दिली आहेत, क्षयरोग, पक्षाघात, प्रमस्तिष्कघात (सेरेब्रल पाल्सी), कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यासारख्या दुर्धर आजारामुळे" स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे. ऑफिसात क्लार्क म्हणाला किडनी लिहिलेली नाही. मी म्हटलं भाऊ, पुढे यासारख्या असा शब्द आहे ना, दिवसाआड रक्त मशीनमधनं काढून धुवावं लागतं, ते थांबलं तर माणूस जगत नाही, याहून दुर्धर काय असतं. तो म्हणाला वरनं विचारून सांगतो. तो मुलगा वाईट नव्हता, त्याच्यासमोर गर्दी होती, मागे फायलींचा डोंगर होता. पण एका माणसाचं जगणं "यासारख्या" या एका शब्दाचा अर्थ कोण कसा लावतो यावर लटकलं होतं, आणि तो अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा लागू शकतो.

मग म्हटलं दिव्यांगचं सर्टिफिकेट बघू. तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, पार्किन्सन्स आहे, असायलाच पाहिजेत. किडनी फेल होणं त्यात नाहीये. कॅन्सर पण नाहीये. म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासनं दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले तेव्हा मला खरंच आनंद झाला, आमच्या वस्तीतल्या तीन घरांत फरक पडला, पण कॅन्सरवाले, डायलिसिसवाले तिथेच १,५०० वर राहिले. आता पाय नसलेला माणूस आणि केमोने अंथरुणाला खिळलेला माणूस यांच्यात कोणाला जास्त गरज आहे असं मला मोजायचंच नाहीये, दोघांनाही आहे. यादीत नाव नसलेल्याला भूक कमी लागते असं तर कुठे नसतं ना.

आणि सगळ्यात मोठा अडसर म्हणजे उत्पन्न. या योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं (दिव्यांगांना ५०,००० आहे). २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, म्हणजे दिवसाला ५८ रुपये पण नाहीत, ते पण अख्ख्या घराचे मिळून. संपादक साहेब, आमच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीला महिन्याला पाच हजार भाडं आहे. वर्षाचे झाले ६०,०००. पुण्यात २१,००० मध्ये कुठलं कुटुंब जगतं ते मला कोणीतरी दाखवावं. मग होतं काय, तर सगळ्यांना माहीत असतं की दाखल्यावर २०,००० लिहून घ्यायचे. मागणाऱ्याला माहीत, एजंटला माहीत, देणाऱ्याला माहीत. त्याचे कोणाला किती द्यायचे ते पण ठरलेलं. म्हणजे नियमच असा केलाय की मदत पाहिजे असेल तर आधी खोटं बोलायचं, आणि एकदा खोटं बोललं की आयुष्यभर घाबरून राहायचं, काही प्रश्न विचारायची हिंमत होत नाही, पैसे बंद झाले तरी तक्रार करायची भीती वाटते, न जाणो चौकशी लागली तर.

काकी खोटं बोलल्या नाहीत. विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, आठ हजार मिळतात. झालं, ९६,००० उत्पन्न, अपात्र. घरी आल्यावर त्यांना शेजारणी म्हणाल्या अगं वेडी का तू, तेवढं सांगायचं कशाला. काकी मला म्हणाल्या, "देवासमोर बसते मी रोज, कागदावर खोटं कशी लिहू?" मला काही उत्तर देता आलं नाही. आज पण देता येत नाही.

लाडकी बहीणमध्ये उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. माझ्या वहिनीला ते पैसे मिळतात, तिच्या हातात स्वतःचे १,५०० आले याचा मला आनंदच आहे, कोणाचे काढून घ्या असं मी म्हणत नाहीये. पण धडधाकट माणसांच्या घराला अडीच लाखांपर्यंत चालतं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच किडनी गेलेल्या माणसाच्या घराला २१,००० चा आकडा तसाच ठेवलाय. एकदा अडीच लाखांचा हिशोब मान्य केला की २१,००० ला काही अर्थच उरत नाही. तो आकडा बदलायला मशीन लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, एक जीआर लागतो फक्त.

बरं एवढं सगळं होऊन मंजूर झालं तरी दरवर्षी परत सिद्ध करायचं. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे एप्रिल-मे मध्ये भर उन्हात परत तलाठी, सेतू, फोटो, रेशन कार्डाची झेरॉक्स, भाड्याने राहणाऱ्याला पंधरा वर्षांचा रहिवासी पुरावा मागतात तर घरमालक करारनामा करून देत नाही. लकवा मारलेल्या एका बाबांना त्यांच्या दोन मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट रिक्षात घालून नेलेलं मी बघितलंय. साहेब मिटिंगला गेले होते. दुसऱ्या दिवशी परत नेलं, परत खुर्चीसकट. दोन्ही मुलांचे दोन-दोन दिवसांचे रोज बुडाले, रिक्षाचं भाडं वेगळं. हे सगळं करायचं कशासाठी, तर बाबा जिवंत आहेत हे दाखवण्यासाठी.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती सांगते. दिलेल्या तारखेला माणूस आला नाही, कागद आला नाही, अंगठा उमटला नाही, की पद्धत असं धरून चालते की या माणसाला गरज नसेल, किंवा तो खोटा असेल, किंवा मेला असेल. पैसे बंद करा, गरज असेल तर येईल धावत. धडधाकट माणूस येतो धावत. त्याच्याकडे ओळखी असतात, तो दोन शिव्या घालून काम करून घेतो, नगरसेवकाकडे जातो. पण जो खरंच आजारी आहे त्याचं न येणं हेच तर त्याच्या आजाराचं लक्षण आहे. जितकं आजारपण जास्त तितकं येणं अवघड, आणि जितकं येणं अवघड तितकं नाव कटायची शक्यता जास्त. म्हणजे ज्याच्यासाठी योजना काढली तोच पहिला बाहेर पडतो आणि कागदावर कुठेच दिसत नाही की काही चुकलंय, उलट लाभार्थी कमी झाले, बोगस कमी झाले असं दिसतं.

माझा भाचा इंग्लंडला असतो, त्याला हे सगळं मी फोनवर सांगत होते तर तो म्हणाला मावशी, इथे पण हेच आहे. त्याने तिकडची नॉटिंगहॅम शहरातली गोष्ट सांगितली, मग मी मुलाला सांगून ती शोधून वाचली. ५७ वर्षांचा माणूस, मनाचा गंभीर आजार, माणसांत येणं बंद केलेलं, दार उघडायचं बंद केलेलं. काम करायला तो फिट आहे का याची तपासणी असते तिला तो गेला नाही. ऑफिसची माणसं त्याच्या घरी दोनदा येऊन गेली, दार उघडलं नाही, म्हणून त्याला आजारपणासाठी मिळणारे सरकारी पैसे बंद केले. नंतर घराचं भाडं थकलं. जून २०१८ मध्ये घर खाली करून घ्यायला माणसं आली, त्यांनी दार फोडलं तेव्हा तो आत मेलेला होता, उपासमारीने, वजन ३० किलोसुद्धा नव्हतं. एवढा श्रीमंत देश, तिथे संगणक आहेत, पत्रं जातात, फोन जातात, माणसं घरापर्यंत जातात. तरी दार उघडलं नाही याचा अर्थ त्यांनी माणूस संकटात आहे असा लावला नाही, सहकार्य करत नाही असा लावला. हे वाचून मला दोन रात्री झोप आली नाही, कारण आमच्याच चाळीत असा एक मुलगा आहे.

तो मुलगा २९ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे. मानसिक आजार त्या २१ प्रकारांत आहे, सर्टिफिकेट मिळू शकतं, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळू शकतं. पण त्यासाठी हॉस्पिटलात जाऊन बोर्डासमोर बसावं लागतं आणि तो गेली तीन वर्षं खोलीच्या बाहेर आलेला नाहीये. आईने रिक्षा दारात आणून उभी केली तर आतनं कडी लावून घेतो, चार माणसांनी धरून न्यायचं तर पुढचे दोन महिने तो आईच्या हातचं जेवत नाही. ती आई ६० च्या पुढची, दुसऱ्यांच्या घरी बाळंतिणीचं करते. तिला दर वेळी हेच ऐकायला मिळतं की पेशंटला घेऊन या.

घरी येता येत नाही असं ऑफिसवाले म्हणतात, माणसं कमी आहेत म्हणतात. खरंच कमी आहेत, मी बघते. पण मला १३ मे २०२४ च्या लोकसभेची आठवण होते. त्या वेळी ८५ वर्षांच्या पुढच्यांना आणि ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना घरनं मतदानाची सोय होती, १२ ड चा फॉर्म भरायचा. आमच्या गल्लीतल्या आजींकडे मतदानाच्या आधीच सगळी टीम आली होती, अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा मुलगा, पुठ्ठ्याचा आडोसा, पेटी. आजी कॉटवर बसून होत्या, त्यांनी मत दिलं, टीमने नीट नमस्कार केला, चहा पण घेतला नाही. गल्लीतल्या सगळ्यांना इतकं बरं वाटलं होतं. एका मतासाठी सरकार कॉटपर्यंत येऊ शकतं, ते यायलाच पाहिजे, तर मग वर्षातनं एकदा ती माणसं जिवंत आहेत का, काय हालतीत आहेत हे बघायला एक माणूस का येऊ शकत नाही? सरकारी पेन्शनवाल्यांना २०१४ पासनं जीवन प्रमाण म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला आहे, २०२१ पासनं मोबाइलवर नुसता चेहरा दाखवून हयातीचा दाखला होतो, पोस्टमन घरी येऊन करून देतो. माझे सासरे रिटायर्ड आहेत, सोफ्यावर बसून पाच मिनिटांत त्यांचं झालं. तीच सोय १,५०० वाल्याच्या दारात तितक्याच अगत्याने का जात नाही.

बोगस लोक आहेत हे मी नाकारत नाही. मी स्वतः माझ्या काउंटरवरनं दोघांना परत पाठवलंय, धडधाकट माणूस, दारात दोन गाड्या आणि फॉर्म भरायला आलेला. तपासणी करू नका असं माझं म्हणणं नाही. पण तपासायला तुम्ही या की. घरी आलात तर एका नजरेत कळतं कोण खरं कोण खोटं, कॉट दिसते, औषधांच्या पिशव्या दिसतात, स्वयंपाकघरातले डबे दिसतात. ऑफिसात बोलावून तर उलट होतं, खोटा माणूस चालत येतो आणि खरा येऊच शकत नाही.

मला जे सुचतं ते लिहिते, मी काही शिकलेली तज्ज्ञ नाही. गंभीर आजाराच्या माणसाचे पैसे घरी जाऊन बघितल्याशिवाय बंद करू नयेत, एवढा एक नियम तरी करा. कागद राहिला असेल तर राहू दे, पैसे चालू ठेवा आणि कागद मागत राहा. दुसरं म्हणजे फुले योजनेच्या हॉस्पिटलात पेशंटचे योजनेचे कागद बघणारे आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्यासमोर पेशंटचं रेशन कार्ड असतं, आधार असतं, आजाराचे रिपोर्ट असतात, सगळं खरं असल्याची खात्री तिथे झालेली असते. मग निराधारचा फॉर्म त्याच टेबलावर का भरला जात नाही? केमोचा पहिला डोस सुरू होतो त्याच दिवशी अर्ज गेला तर ताईंसारख्यांचे आठ महिने वाचतील, आणि ठसे जायच्या आधी आधार पण जोडून होईल. डॉक्टरांना माहीत असतं की या गोळीने बोटं जाणार आहेत, तर त्यांनी फाइलवर तसं एक ओळ लिहून द्यावं आणि ती ओळ बँकेत चालावी.

आणि नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या. २०१५ पासनं आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यायचं, अपील कुठे करायचं ते सांगायचं असं त्यात आहे. आमच्याकडे कोणाला लेखी मिळत नाही, तोंडीच सांगतात, हे बसत नाही जावा. तोंडी नाही म्हटलं की अपील कशावर करणार. काकींना मी दोनदा पाठवलं लेखी द्या म्हणून, तिसऱ्यांदा त्या गेल्या नाहीत, कारण त्या दिवशी कामावर खाडा केला असता तर ते घर सुटलं असतं.

ताईंचं सांगायचं राहिलं. जूनमध्ये शेवटी त्यांचं बुबुळावरनं झालं. एका ओळखीच्या केंद्रचालकाने दुपारी बाराला गर्दी नसताना बोलावून घेतलं, त्याचे फार उपकार. खातं जोडलं गेलं, पुढे फाइल ऑफिसात दुरुस्तीला गेली. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी ताई गेल्या. तोपर्यंत जानेवारी ते जुलै, सात महिन्यांतले काही आले नव्हते, १०,५०० रुपये होतात. त्या सात महिन्यांत त्यांनी मंगळसूत्रातले दोन मणी विकले, मेसच्या मालकिणीकडनं उसने घेतले, आणि डॉक्टरांनी अंडी, पनीर खा सांगितलेलं ते कधीच घरात आलं नाही, मुलगी म्हणाली आई वरणाचं पाणी प्यायची आणि मला म्हणायची मला जातच नाही गं काही.

परवा मुलगी दुकानात आली होती. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढायच्या होत्या. कॉलेजला आहे आता, पहिल्या वर्षाला, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी मार्केटयार्डच्या बाजूला एका दुकानात हिशोब लिहायला जाते. म्हणाली काकू, आईचे ते अडकलेले पैसे मागता येतील का, तिने खूप वाट बघितली होती त्यांची, मला तिचे उसने फेडायचेत. मी तिला समोर बसवून अर्ज टाइप करून दिला, सोबत मंजुरीचं पत्र, पासबुक, केमोची फाइल, दाखला, सगळं लावलंय, सगळ्याचे दोन दोन सेट काढलेत. सोमवारी दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर ऑफिसला जाणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.

आपली नम्र,
एक झेरॉक्स दुकानदार,
अप्पर इंदिरानगर, बिबवेवाडी, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, माझ्याकडे येणाऱ्या लोकांना त्रास व्हायला नको.)